तांबडीचे तप

चिंचेच्या सावलीतल्या एका परसात एक तांबडी कोंबडी राहत असे. राहत असे म्हणजे काय, राज्यच करत असे म्हणा ना! दाणे पडले की पहिली चोच तिची. खुराड्यातला सगळ्यांत उंच दांडा तिचा. सकाळी मालकीणबाई हौसाआत्या दार उघडत, तेव्हा इतर कोंबड्या एकेक दांडा उतरत खाली येत. ही मात्र वरून थेट दगडी फरशीवर धप्पकन उडी मारी, आणि कोणकोण बघते आहे ते मान उंचावून पाही.

त्याच परसात एक बदक होते. एकदा त्याच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला आणि पाय पिकला. हौसाआत्यांनी हळद लावून वर चिंधी बांधली. बदक आधीच फेंगडे चालणारे, त्यात ही पिवळी चिंधी!

"परसात काटे फार झालेत हो," बदक कण्हत म्हणाले.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" तांबडी साऱ्या परसाला ऐकू जाईल अशी ओरडली. "अगं बायांनो, नवरदेव बघा! पायाला हळद लागलीय!"

सगळ्या कोंबड्या खो-खो हसल्या. बदक हौदाच्या आडोशाला जाऊन बसले.

पण मुलांनो, उडी कितीही डौलात मारली तरी खाली फरशीच असते. थोड्याच दिवसांत तांबडीच्या उजव्या पायाला ठणका लागला. आसपास कुणी नाही असे पाहून तिने पाय उचलला. तळवा बोरासारखा टरारून सुजला होता आणि मधोमध काळी खपली धरली होती. हौसाआत्यांपुढे जाऊन लंगडली असती तरी काम झाले असते. पण मग पायाला चिंधी येणार, आणि ती चिंधी बदक बघणार! त्या विचारानेच तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिने पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतला आणि ती एकाच पायावर उभी राहिली.

"आक्का, हे काय गं?" एका पांढऱ्या तलंगीने विचारले. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. ही सदा तांबडीच्या मागे मागे असे. आक्का उंचावरून उडी मारते म्हणून तीही मारू लागली होती.

"हे तप आहे," तांबडीने ठोकून दिले. थाप मारायला काही पाय लागत नाहीत.

झाले! दुसऱ्या दिवशी परसातल्या झाडून साऱ्या तलंगी एका पायावर उभ्या. हौसाआत्या दाणे घेऊन आल्या आणि पोट धरून हसल्या. "अगं बया, माझ्या कोंबड्यांच्या बगळ्या कवा झाल्या?" एरवी एखादी कोंबडी जरा लंगडली तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पण सगळ्याच एका पायावर उभ्या राहिल्यावर दुखणे कुणाचे आणि सोंग कुणाचे, हे त्यांना कळावे तरी कसे?

मग एके सकाळी पांढरी तलंग दाण्यांपाशी आलीच नाही. खुराड्याच्या कोपऱ्यात ती पिसे फुलवून, एक पाय पोटाशी धरून बसली होती. हौसाआत्यांनी तिला उचलून पायाला हात लावला, आणि त्यांचा चेहरा उतरला. "निखाऱ्यागत तापलाय की गं! कधीधरनं सोसतीयास?" त्या पाय उलटा करून पाहू लागल्या, पण तलंग तो काही धरू देईना. "मला काही झालेलं नाही!" ती फडफडत ओरडत होती. "मी तप करतेय! आक्कापण करते!"

आत्यांना ती नुसती कलकल वाटली. दारात उभ्या असलेल्या तांबडीला मात्र शब्द न् शब्द कळला. पोरीचा जीव जायची वेळ आली होती आणि तीही आपल्या एका थापेपायी. लाजेने तिची मान वर होईना. तेवढ्यात बदक शेजारी येऊन उभे राहिले. आता हे हसणार, असे तिला वाटले. हसले असते तर तिला बरेच वाटले असते.

"तुमचा पाय दुखतो हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," बदक हळू आवाजात म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही म्हणाला असता, अंगण वाकडं."

तांबडी सगळ्यांच्या देखत लंगडत लंगडत गेली आणि हौसाआत्यांच्या पुढ्यात बसून तिने दुखरा पाय लांब केला. "पोरी, ते तप नव्हतं गं," ती म्हणाली. "मला लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले. हा बघ माझा पाय."

तलंग त्या काळ्या खपलीकडे बघत राहिली. मग हळूहळू तिने आपलाही पाय सैल सोडला.

हौसाआत्यांनी कोमट मिठाच्या पाण्यात दोघींचे पाय शेकले, पुसून हळद लावली, स्वच्छ चिंधी बांधली. फरशीवर भाताचे तूस पसरले आणि दांडे खाली आणून बांधले. तांबडीचा पाय बरा झाला. तलंगीची सूज मात्र बोटांत उतरली होती. जनावरांचे डॉक्टर बोलवावे लागले. त्यांनी पू काढला, औषध दिले, जीव वाचवला. पण एक बोट आखडले ते कायमचेच.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तांबडी सगळ्यांच्या आधी हौसाआत्यांपुढे बसते आणि दोन्ही तळवे दाखवते. तिचे बघून बाकीच्याही दाखवतात.

परवा परसात एक नवी कोंबडी आली. "ही पांढरी अशी का हो चालते?" तिने विचारले. काटा लागला होता, एवढे म्हणणे तांबडीला सोपे होते.

"माझ्यामुळे," ती म्हणाली, आणि मान खाली घालून तलंगीच्या शेजारून, तिच्याच संथ चालीने चालू लागली.

तात्पर्य : दुसऱ्याच्या दुखण्याला हसणाऱ्यावर स्वतःचे दुखणे लपवायची पाळी येते, आणि थोरांनी लाजेपायी जे लपवले, ते धाकट्यांना भोगावे लागते.