चंदेरीचा मोर्चा

फार जुनी गोष्ट आहे, सायकली एकमेकींशी बोलायच्या ना, तेव्हाची. शहरात सायकल ट्रॅक होता, पण त्यावर कायम मोटारी उभ्या. त्यामुळे क्लासला जाणारी छोटी जांभळी रोज बसच्या चाकांशेजारून जीव मुठीत धरून पळायची.

"ताई, काहीतरी करा ना," ती गिअरवाल्या चंदेरीला म्हणाली.

चंदेरी एकदम पेटलीच. रविवारी तिने सगळ्या भारी सायकलींचा मोर्चा काढला आणि ट्रॅकवरच्या पहिल्याच मोटारीला म्हणाली, "ए जाडे, हट इथून."

"हटते की," मोटार म्हणाली. "पण सकाळी तुम्हाला टपावर बसवून आम्हीच आणलंय. घरी कशा जाणार?"

चंदेरीने परतीचा चढ पाहिला. मग क्लासला निघालेल्या जांभळीला हळूच म्हणाली, "बाळा, आज तू रोडनेच जा हं. इथे मोर्चा चालू आहे ना."