टाक्याचा दोर आणि राजांचं कारंजं

"पुरे!" भुजंगराजे गरजले. "पंत, सकाळपासून तुम्ही वाचताय आणि मी जांभया देतोय. तुमच्या कागदांत काय आहे ते उद्या भर दरबारात मला कळलं पाहिजे. पण आकडा उच्चारायचा नाही, कागद उलगडायचा नाही, आणि माझ्या तोंडातला विडा संपायच्या आत सगळं उरकायचं. नाहीतर परवा तुमचं बिऱ्हाड गडाखाली!"

त्र्यंबकपंत कारकून मान खाली घालून घरी आले. गडावरच्या टाक्याचं पाणी वर्षभर रोज मोजून त्यांनी लिहून ठेवलं होतं. पण आकडे ऐकले की राजांना झोप यायची, आणि आकड्यांवाचून पंतांना बोलता यायचं नाही. अशी ही जोडी जमली होती!

घरी पाणी भरायला आलेल्या येसूने त्यांचा चेहरा पाहिला. टाक्यावर पाणी शेंदणाऱ्या बायकांत ही सगळ्यांत तोंडाळ.

"काय झालं पंत? कोन गेलं का?"

"मीच चाललोय," पंत म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. "अगं, दसऱ्याला राजांनी बागेत मांडव घालून कारंजं सुरू केलं, त्याला टाक्यातून नळ काढला. तेव्हापासून पाणी झपाट्याने उतरतंय. पाडव्याला आणखी एक कारंजं सुरू व्हायचंय. मग वैशाखात सगळ्यांनाच गड सोडावा लागेल!"

"हे तर आमच्या हातांना कवाच कळलंय, शेंदून शेंदून! उद्या मी बोलते. तुमी निस्तं गप बसा."

"गप बसू? मी?" पंतांना तेच जास्त अवघड वाटलं.

दुसऱ्या दिवशी राजांनी विडा तोंडात टाकला, आणि पंतांच्या मागोमाग, दोन खांद्यांवर दोराची दोन वेटोळी घेऊन येसू दरबारात शिरली. दिवाणजींनी नाक मुरडलं.

"महाराज, ह्या दोराचं टोक जरा धरता का?"

दरबार चपापला. राजांना मात्र गंमत वाटली. त्यांनी टोक धरलं. येसू दोर सोडत निघाली. सरदारांची रांग गेली, मधला खांब आला आणि दोर संपला.

"ह्यो गेल्या सालचा. पाणी खाली गेलं की पोहरा पोचत न्हाई. म्हनून दर अवसेला आमी दोराला नवा तुकडा गाठवतो, पाणी उतरलं आसंल तेवढाच. गेल्या साली पार मिरग लागंपतुर येवढा दोर पुरला. आता ह्यो यंदाचा. धरा!"

हा दोर खांबाच्या पुढे गेला, दारावरच्या पहारेकऱ्यांच्या पायांतून गेला, पायऱ्या उतरला. येसू दिसेनाशी झाली. बाहेरून तिचा आवाज आला, "आनि महाराज, अजून होळीबी पेटली न्हाई!"

राजांचं चघळणं थांबलं.

"यंदा पाऊस कमी झाला असेल," दिवाणजी घाईने म्हणाले.

येसू परत येत होती. "दसऱ्यापतुरचे तुकडे दोरांच्या सुरवातीला हायेत, दिवाणजी. शेजारी शेजारी लावून बघा की!"

राजांनीच लावून पाहिले. अगदी बरोबरीचे निघाले! त्याच्यापुढे मात्र यंदाचे तुकडे लांबच लांब होते, आणि अंबाडीच्या साध्या दोराचा रंग एकाएकी लाल-पिवळा झाला होता.

"हा रंगीत दोर कुठला?"

"आमचा दोर सरला व्हता, महाराज. मांडवाचं दोर टाकून दिलेलं दिसलं, तेच जोडत गेलो."

"कसला मांडव?"

येसूने रंगीत दोराची पहिली गाठ नुसती राजांपुढे धरली. पंतांचे ओठ हलू लागले, तेव्हा तिने त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"माझ्या कारंज्याचा!" राजे उठून उभे राहिले. "मांडवाचा दोर लागला तिथूनच तुकडे लांबले. म्हणजे गडाचं पाणी माझं कारंजं पितंय!"

दिवाणजींना राहवेना. "ते असो. पण टाक्यात अजून पाणी किती? सांग ना बाई! हात किती, बोटं किती?"

आता ही आकड्यात सापडणार! पंतांनी डोळे मिटले. खरा आकडा त्यांच्या जिभेवर नाचत होता.

येसू राजांकडे वळली. "महाराज, कमरेचा शेला सोडा आनि माझ्या दोराला गाठवा. पोहरा तळाला टेकंल!"

राजांनी दाराबाहेर गेलेला दोर पाहिला, मग आपला शेला पाहिला. आणि असे खदाखदा हसले की त्यांना ठसका लागला.

"कारंजं आत्ताच्या आत्ता बंद करा! नव्याचं तर नावही काढू नका." त्यांनी शेला सोडून येसूच्या खांद्यावर घातला. "टाक्याची राखण आजपासून तुझ्याकडे. खालच्या गावात जमीन इनाम. दर अमावस्येला दोर घेऊन दरबारात यायचं."

"आनि पंतांचं बिऱ्हाड?"

"राहू दे गडावरच. त्यांनी मोजायचं," राजे डोळे पुसत म्हणाले, "पण बोलायचं तूच!"