यल्लूआईचं खिंडार

फार वर्षांपूर्वी, हिंगणमाळावर बाभळी आणि दगड यांखेरीज काही उगवत नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. तिथं मुलींची शाळा निघाली, शाळेला वसतिगृह जोडलं, आणि मुली यायच्या आतच संचालकांना कुंपणाची भिंत सुचली.

भिंत बांधायला वडारांची पालं आली. त्यात यल्लू होती. असं म्हणतात, तिनं हात ठेवला की दगड आपली जागा आपणच सांगायचा. उन्हाळाभर तिनं डोक्यावरून दगड वाहिले, थरावर थर रचले. तिची एकुलती लेक दुर्गी सावलीला बसून कोळशानं फरशीवर अक्षरं गिरवायची. ते पाहून शाळेच्या मोठ्या बाईंनी दुर्गीला वसतिगृहात घेतलं. यल्लूला वाटलं, आपण लेकीचंच घर बांधतोय. मग तिनं भिंत आणखी उंच केली, आणखी पक्की केली. शहाण्या माणसाच्या हातूनही असं होतं.

भिंत पुरी झाली, फाटक लागलं, आणि अधीक्षक दाजीसाहेबांनी नियम काढला : घरच्यांनी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तोंड दाखवायचं नाही. घरचं वारं लागलं की मुली बिघडतात, असं त्यांचं मत होतं. त्यांचे स्वतःचे मुलगे घरीच वाढत होते. ते कशानं बिघडले, याबद्दल त्यांनी मत दिलं नाही.

श्रावणात दुर्गी तापानं फणफणली. पालं तोवर पुढच्या गावी गेली होती. धुणं धुणाऱ्या बाईनं निरोप पोचवला, तशी यल्लू हातातली दगड फोडायची सुतकी टाकून निघाली ती थेट फाटकाशी.

"साहेब, लेकरू तापलंय. कपाळाला हात लावते अन् जाते."

"नियम म्हणजे नियम, बाई. तुझ्यासाठी मोडला तर उद्या सगळ्याच येतील."

"येतील की! आया हायत त्या, दरोडेखोर न्हाईत."

"मग भिंत कशाला बांधलीय?"

यल्लूचं डोकं सणकलं. "भिंत? ती म्या बांधली! टाळूचं केस गेलं माझ्या तिच्यापायी. अन् आता ती मलाच आडवी?"

दाजीसाहेबांनी फाटक लावून घेतलं आणि ते जेवायला गेले. जेवणाची वेळ झाली होती.

यल्लू भिंतीच्या कडेकडेनं चालत आजारी मुलींच्या खोलीमागं थांबली. आतून कण्हणं ऐकू येत होतं. तिनं त्या भिंतीला अशा काही शिव्या दिल्या की, असं म्हणतात, माळावरचे सरडे लाजून बिळात गेले. मग एका लांबलचक दगडाला तिनं दोन्ही हात घातले. तो चढवताना चार गडी घामेजले होते. तिच्यापुढं त्यानं हूं की चूं केलं नाही, निमूट बाहेर आला. राहिलेल्या भिंतीनं अंग चोरलं आणि आईला वाट दिली.

दाजीसाहेब हात धुऊन आले, तेव्हा यल्लू खाटेवर बसली होती, दुर्गीचं डोकं तिच्या मांडीवर होतं, आणि पोरगी आईच्या पदरातून निघालेला भाकरीचा तुकडा चघळत होती. बाकीच्या मुली एकेक करून यल्लूला चिकटून बसत होत्या.

"हिला बाहेर काढा!" दाजीसाहेब गरजले. शिपायाला एकदम खोकला आला. मोठ्या बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

असं म्हणतात, ताप त्याच संध्याकाळी उतरला.

खिंडार बुजवायचं ठरलं. पण त्या पालांवरचा रिवाज असा, की आपल्यातल्या माणसानं काढलेला दगड आपण बसवायचा नाही. मग बाहेरगावचे गवंडी आणले. ते दगड बसवून जात, आणि सकाळी दगड बाहेर पडलेला असे. राखणदार नेमला. त्यानं शपथेवर सांगितलं, की दगड आपल्या पायांनी चालत जातो. राखणदाराची लेकही आतच शिकत होती, पण तेवढं विचारायचं कोणाला सुचलं नाही. शेवटी संचालकांनी ठराव केला, की ती जागा खेळत्या हवेसाठी मुद्दाम मोकळी सोडली आहे.

आज तिथं मोठी इमारत आहे, दाजीसाहेबांचा अर्धपुतळा आहे, पुतळ्यावर छत्री आहे. यल्लूचं नाव एकाही पाटीवर नाही. दगड वाहणाऱ्यांची नावं दगडावर कोरायची आपल्याकडे पद्धत नाही. पण जूनमध्ये शाळा उघडते, तेव्हा नव्या मुलीला फाटकातून कोणी नेत नाही. लांबलांबच्या आया यल्लूआईच्या खिंडाराशी येतात, तिच्या नावानं लेकीला भाकरीचा घास भरवतात, आणि लेकीच्या पाठोपाठ स्वतःही आत शिरतात.

नव्यानं आलेल्या अधीक्षक बाई हटकून विचारतात, "अहो, फाटक सताड उघडं आहे. इथून कशाला?"

आया पदर खोचतात आणि म्हणतात, "फाटक तुमाला लावता येतं, बाई."