शेगडीतली शेवटची मूठ

“माझ्या शेगडीच्या नावानं नवस बोललीस, तो शेगडीला विचारून बोललीस का?”

मठातल्या चंद्रामाईंनी हे विचारलं तेव्हा माझा हात शेगडीच्या चाड्यात कोपरापर्यंत बुडालेला होता. मी तो बाहेर काढला नाही.

“देवाला विचारून बोलले, माई.”

“मग देव काय म्हणाला?”

देव काय म्हणणार...

नवस असा होता. पौषात आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. तीस वर्षं एसटीत कंडक्टर. आवाज असा, की मागच्या बाकावर झोपलेला माणूस आपला थांबा आला म्हणून दचकून उठे. पुढे हात सुधारला, पाय सुधारला, काठी घेऊन अंगणापर्यंत जाऊ लागले. वाचा तेवढी परत आली नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. माझ्याकडे धीर कुठला? मी मठात गेले, अन्नछत्रातल्या शेगडीसमोर पदर पसरून उभी राहिले आणि मनाशी बोलले, हे बोलते होईपर्यंत दर गुरुवारी हिच्यात इंधनाची पहिली मूठ माझ्या हातची पडेल, आणि तोवर ही शेगडी रिकामी म्हणून राहू देणार नाही.

ती शेगडी लाकडाची नव्हे, पेलेटची. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या असतात, त्या जाळायच्या. वर कांड्या भरायचं चाडं, पेरणीच्या पाभरीला असतं तसंच, म्हणून सगळे चाडंच म्हणतात. चाड्याखाली एक मळसूत्री दांडा फिरतो आणि थोड्या थोड्या कांड्या विस्तवाच्या वाटीत ढकलतो. मागून पंखा वारा घालतो. धूर जवळपास नाहीच. चुलीच्या धुरानं आचारी तातोबांचे डोळे जायची वेळ आली होती, म्हणून एका भक्तानं दसऱ्याला ही आणून बसवली.

डोंगरावरचा मठ. मृग लागला की वाटेतला ओढा भरतो, माणसं येत नाहीत, अन्नछत्र मिटतं ते थेट नवरात्रापर्यंत. मठात माई आणि तातोबा, दोघंच. त्यांना स्टोव्हवर भात पुरतो.

मृगाच्या तोंडावरच्या त्या गुरुवारी मी पोचले तेव्हा शेगडी थंड होती, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माई तिच्या पोटात डोकं घालून बसल्या होत्या. भुवयांवर राख.

“ये ललिते. हिला न्हाऊ घालून निजवायचीय. चाडं तू उपस.”

म्हणून मी उपसत होते.

खरं सांगते, माईंना ते काम करताना बघणं हीच एक पूजा होती. घाई नाही, त्रागा नाही. राखेचा कप्पा ओढून काढला. विस्तवाच्या वाटीला चिकटलेलं कीट उलथन्यानं खरवडलं, आणि वाटीची भोकं एकेक करून खिळ्यानं मोकळी केली. मी मध्येच पुढे होऊन राख पदरात बांधू लागले. अन्नछत्राची राख म्हणजे अंगाराच ना. ह्यांच्या कपाळाला लावायला.

“चिमूट घे,” माई म्हणाल्या. “बाकीची लिंबाच्या बुडाशी.”

“उरलेली आत राहू दे की माई. पवित्र आहे.”

“पवित्र आहे. पण पावसाळ्यात ओल धरते, आणि मग लोखंड खाते. बाप लोहार होता माझा. देवघरातली समईसुद्धा पुसून ठेवायचा.”

तातोबा धुराड्यात वरून खराटा घालत होते. खाली काजळीचा ढीग पडला.

“वैनी, सरका जरा. नाहीतर घरी मालक वळकायचे न्हाईत तुमास्नी.”

“ओळखून सांगणार कसे?” मी म्हटलं.

तातोबांचा खराटा थांबला. त्यांना चेष्टेतलं ते बोलणं लागलं असावं. मला बोलल्यावर लागलं.

चाड्याचा तळ दिसू लागला. मी पळीनं कांड्या काढून पत्र्याच्या डब्यात भरत होते. शेवटी मूठभर राहिल्या. त्या मी राहू दिल्या, आणि झाकण लावलं.

माई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. त्यांनी झाकण उघडलं आणि आत बघितलं.

“हे काय?”

“मूठभर ठेवल्यात. धान्याचा डबा आपण कधी पार रिकामा ठेवतो का माई? चार दाणे ठेवतोच. ही तर शेकडो माणसांच्या तोंडी घास घालणारी. उपाशी कशी निजवायची...”

“एवढंच?”

मग मी नवस सांगितला, आणि त्यावर माईंनी तो पहिला प्रश्न विचारला. मी पुन्हा चाड्यात हात घालून त्या कांड्यांवर पंजा ठेवला होता. लहान मूल खाऊवर ठेवतं तसा.

“लग्न झाल्यापासून सतरा नवस बोलले,” मी म्हटलं. “सोळा फेडले. हा सतरावा. एकही मोडलेला नाही, माई. गावात कुणालाही विचारा.”

“सतरा,” माई म्हणाल्या. “देवाला घटकाभर टेकू दिलं नाहीस.”

तातोबा धुराड्यामागे खोकल्यासारखं हसले.

मला रडू आलं. “हसा तुम्ही. पण ही मूठ काढली आणि शेगडी रिकामी झाली, तर नवस मोडला. मग हे जन्मभर मुके राहिले तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? तुम्हीच सांगा.”

माईंनी माझा पंजा अलगद बाजूला केला, त्या मुठीतल्या चार कांड्या घेतल्या. फुलपात्रात तळाशी घोटभर पाणी होतं, त्यात टाकल्या. फुलपात्र ओट्यावर ठेवलं.

मग तेलाचा बोळा घेऊन शेगडीचं दार आतून पुसायला बसल्या.

पुसता पुसता, जणू सहज...

“तुझा सदानंद पाणी कसं मागतो?”

“मागावं लागत नाही, माई. तहान लागायच्या आत मी पेला पुढे धरते.” मला सांगताना अभिमानच वाटला.

“जेवताना मीठ कमी पडलं तर?”

“माझ्याकडे नुसतं बघितलं की मला कळतं.”

“कोणी भेटायला आलं तर?”

“त्यांच्या वतीनं मी बोलते ना. तब्येत कशी, झोप कशी, सगळं सांगते. त्यांना कसला म्हणून त्रास पडू देत नाही.”

“कधी काही सांगायला तोंड उघडतो?”

“उघडतात. सकाळीच उघडलं होतं. बिचाऱ्यांचा जीव नुसता कासावीस होतो. ओठ हलतात, मानेची शीर फुगते, आवाज म्हणून नाही. मला बघवत नाही. मी लगेच म्हणते, पंखा लावू? वर्तमानपत्र देऊ? खिडकी लोटू? काहीतरी एक बरोबर निघतंच.”

“आणि मग?”

“मग मिटतात तोंड.”

तातोबा काम सोडून उभे होते. काहीतरी बोलणार होते. माईंनी मान न वळवता नुसतं एक बोट वर केलं. त्यांनी खराटा पुन्हा उचलला.

दाराच्या बिजागरीपर्यंत माईंचा बोळा गेला, परत आला. मला वाटलं माई काहीतरी समजावतील. दृष्टांत देतील. त्या बिजागरीच पुसत राहिल्या...

अखेर म्हणाल्या, “फुलपात्र आण.”

मी आणलं. आणता आणताच थबकले.

आत कांडी एकही नव्हती. चार कांड्यांचा ओला भुसा फुगून फुलपात्राचा तळ भरून बसला होता. पाणी दिसत नव्हतं. बोट घातलं तर लगदा.

“चारच टाकल्या होत्या,” माई म्हणाल्या.

“हो.”

“इथं पावसाळ्यात धुकं घरात शिरतं. भिंती घामेजतात. तू ठेवलेली ती मूठ अशीच फुगेल, मग दांड्याला धरून वाळेल. दगड होईल.” त्यांनी फुलपात्र माझ्या हातातून घेतलं. “नवरात्रात तातोबा बटण दाबेल. दांडा फिरणार नाही. दारात माणसं पानावर बसलेली असतील.”

“मी प्रेमानं ठेवली होती, माई.”

“ते दिसतंच आहे.”

एवढंच. रागावल्या नाहीत. उलट माझ्या पाठीवर त्यांचा तेलकट, काळा हात ठेवला. पातळाला डाग पडला, तो अजून आहे. मी तो धुवून काढायचा प्रयत्न केलेला नाही.

मी चाड्यात हात घातला. ती मूठ उचलली... आणि हात वर येईना. सतरा नवसांची बाई मी. माईंनी घाई केली नाही, मदतही केली नाही. तातोबा बाहेर बघत राहिले. ओढ्याकडून वारा आला, काजळी थोडी उडाली.

मग मीच मूठ बाहेर काढली आणि डब्यात टाकली. डब्याचं झाकण घट्ट लावलं. तातोबांनी डबा माळ्यावर चढवला, ओल लागू नये म्हणून.

चाड्याच्या कोपऱ्यात भुशाची पूड होती. ती मी ब्रशनं झाडली. दांड्याच्या खाचांतून सुद्धा. मग कोरड्या फडक्यानं पुसलं. माईंनी पंख्याची वायर काढून गुंडाळली. धुराड्यात उंदीर-पाखरं शिरू नयेत म्हणून तातोबांनी वर दुसरा रिकामा डबा उपडा घालून तारेनं बांधला.

मी शेगडीचं दार लावायला गेले.

“लावू नकोस. दोन बोटं उघडं राहू दे.”

“का?”

“आत वारा खेळू दे. गच्च बंद केलं की आतल्या आत घाम धरते.”

मी दार दोन बोटं उघडं ठेवलं. माईंनी चाड्यावर टिचकी मारली. खणखणीत वाजलं. इतके महिने मी दर गुरुवारी त्या शेगडीचं ऐकलं होतं, सरसर, खरखर, पंख्याचा घूं घूं आवाज. तिचा स्वतःचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

माईंनी तिला हळद-कुंकू लावलं. मी नमस्कार केला. मागण्यासाठी हात जोडले होते, पण काही मागितलंच नाही. कसं कोण जाणे, सुचलं नाही.

निघताना दाराशी थांबले.

“माई, मग माझ्या नवसाचं काय?”

“तो शेगडीनं ऐकला नव्हता. तिच्याकडून माफ.”

तातोबा म्हणाले, “आन देवाकडनं?”

“देवाला मी सांगते. माझी ओळख आहे.”

मी हसले. पौषापासून पहिल्यांदा मोकळी हसले असेन. उतरणीला लागले, पंचवीसेक पावलं गेले असेन, तेवढ्यात मागून माईंनी हाक मारली. चौकटीला हात धरून उभ्या होत्या, भुवयांवर राख तशीच.

त्यांनी मला तिथून एक गोष्ट करायला सांगितली. ती मी त्याच संध्याकाळी केली, आणि दुसऱ्या दिवशीही, आणि चातुर्मासभर केली. सोपी नव्हती. सोळा सोमवार सोपे. पहिल्या दिवशी तर मी पदर तोंडात धरून बसले होते. पुढे काय झालं ते आमचं दोघांचं. एवढंच सांगते, की हल्ली भाजीवाली आमच्या दारात जास्त वेळ अडकते, आणि तिच्याशी घासाघीस मी करत नाही.

तुमच्याही घरात कोणी असं गप्प झालेलं असेल, आजारानं, वयानं, रुसव्यानं, तर बायांनो, हात जोडून सांगते, माझ्यासाठी एवढं एकदा करा. माईंचे शब्द मी बदलत नाही. चौकटीतून त्या म्हणाल्या ते असे,

“आज घरी गेलीस की त्याच्याकडे काहीतरी माग... आणि उत्तर येईपर्यंत बसून राहा.”