पायपुसण्याचा नियम

फार वर्षांपूर्वी वसईकडच्या एका चर्चच्या दारात काथ्याचं एक कडक पायपुसणं होतं. "मळके पाय आत न्यायचे नाहीत, आणि माझ्यावर पुसायचे तर मुळीच नाहीत!" असा त्याचा नियम.

पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले होते त्याची आठवण म्हणून, फादर गावकऱ्यांचे पाय धुणार होते. पास्कू नावाचा शेतकरी केळीच्या वाडीतून चिखलाच्या पायांनी आला.

"आधी पाय धुऊन ये," पायपुसणं खेकसलं.

"अरे, पाय धुऊन घ्यायलाच तर आलोय!"

"नियम म्हणजे नियम!"

पास्कू हिरमुसून परत गेला, त्याच्यामागचे सगळेही परतले.

आतून पाण्याने भरलेल्या घंगाळाने विचारलं, "कोणी येतंय का रे?"

"एकही मळका पाय आत सोडला नाही!" पायपुसणं ऐटीत म्हणालं.

"मग कमरेला टॉवेल गुंडाळून फादर कधीचे गुडघ्यांवर बसलेत, त्यांना तूच सांग, उठा म्हणून."