तीन कुंड्यांतली ठकू

लांब दक्षिणेला, समुद्राच्या पार पल्याडच्या अंगाला एक मुलूख आहे, बरं का. आपण इथे उकाड्यानं हैराण होतो, तेव्हा तिथे लोक गोधड्या घेतात. पोटाला पिशवी असलेले प्राणी उड्या मारत फिरतात. हसू नकोस रे, खरंच फिरतात. त्या मुलखात गलबतातून गेलेली एक कोकणातली बाई राहायची, भागी तिचं नाव. नवरा समुद्रानं नेलेला. एकुलती एक लेक, ठकू.

एकदा ठकू रानात गेली. तिथे एकेकच पान असलेली, निळ्या फुलांची रोपं होती. ठकूनं नुसतं फूल तोडलं असतं तर ठीक होतं. तिनं रोप मुळासकट उपटलं. मग रानाची राखणदारीण उठली. उपटलंस ना, म्हणाली, आता तूच रुजून बघ. झालं, ठकूचं रोप झालं.

भागी रडत रानात गेली. राखणदारणीनं झाडाखालची तीन रोपं दाखवली. तिन्ही सारखी.

"यातली एक तुझी. फूल उमललं की नावानं हाक मार. नाव चुकलं तर फूल कायमचं मिटेल. तोवर एकाही रोपाला हात लावू नकोस."

फूल यायला तर अजून किती अवकाश. भागीला कुठला धीर? राखणदारणीची पाठ वळताच तिनं तिन्ही रोपं खणून पदरात घेतली. दोन नुसतीच रोपं असतील, असं तिनं मनाशी धरलं.

मग घरी तीन कुंड्या मांडल्या. रानातली माती रेताड, फिकी. हिच्यात माझं लेकरू कसं जगेल, असं तिला वाटलं. म्हणून पहिल्या कुंडीतली माती तिनं झटकून टाकली आणि तुळशीला घालतात तसं शेणखत भरलं. पण त्या रोपांना जगवते ती त्यांच्याच मातीतली पांढऱ्या धाग्यांची बुरशी. तीच गेली. पान काळं पडलं, रोप मेलं. हीच ठकू असली तर?

मग उन्हाळा आला. उरलेली दोन्ही पानं वाळली. खरं तर कंद खाली झोपले होते, तुम्ही आता झोपणार ना, तसेच. उन्हाळाभर त्यांना पाणी नकोच असतं. पण भागीला हे कोण सांगणार? विहीर आटलेली, पाणी एकाच कुंडीपुरतं. ते तिनं स्वतः न पिता दुसऱ्या कुंडीत ओतलं, रोज. शेवटी उकरून पाहिलं, तर कंदाचा नुसता चिखल झालेला.

मग राहिली तिसरी. भागीची हिंमतच संपली. तिनं ती कुंडी सावलीत ठेवली आणि नुसती घाबरत राहिली. थंडीतला पाऊस आला, पान वर आलं. मग दांडा, मग कळी. पण आभाळ भरलेलं, आणि ही फुलं ऊन पडल्याशिवाय उमलत नाहीत. कळी मिटलेली ती मिटलेलीच. भागीनं नखानं पाकळी सोडवायला हात नेला आणि मागे घेतला. याच हातांनी दोन रोपं गेली होती.

मग एकदाचं ऊन पडलं. निळं फूल उमललं. भागीला हाक मारायचीही भीती वाटली. पण तिनं हळूच म्हटलं, "ठकू?"

आणि कुंडीपाशी ठकू उभी. भागीनं तिला पोटाशी धरलं. ठकूनं आईच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि विचारलं, "आवडी आणि मंजुळा कुठं आहेत?"

पलीकडच्या बंदरावरच्या कोळणींच्या मुली होत्या त्या. त्यांनीही रोपं उपटली होती. त्यांच्या आया फुलाची वाट बघत होत्या, राखणदारणीनं सांगितलं होतं तशा, लांबूनच. झाडाखाली रोपं नाहीत म्हटल्यावर रानभर शोधत फिरत होत्या.

मग भागी ठकूचा हात धरून त्यांच्या दारी गेली आणि सगळं सांगितलं. आवडीच्या आईनं दार लावून घेतलं. मंजुळाच्या आईनं ठकूला जवळ बसवलं.

"माझी मंजू अंधाराला भ्यायची. तिथं काळोख होता का गं?"

"होता," ठकू म्हणाली. "पण आम्ही तिला मधे घेतलं होतं."

मग भागी आणि ठकू सुखानं राहिल्या. आवडीची आई मात्र पुन्हा कधी त्यांच्याशी बोलली नाही, तेही खरंच. चला, पाय पोटाशी घ्या आता. जिला भीती वाटत असेल तिला मधे घ्या. दिवा मी मालवते.