हौसाबाईच्या हाती किल्ली

एकदा एका व्यापाऱ्याने एका वस्तीत बायकांसाठी शौचालय बांधलं. दृष्टांताचा आरंभ देवळाने, विहिरीने, निदान एखाद्या आम्रवृक्षाने व्हावा अशी आपली अपेक्षा असते, हे मला ठाऊक आहे. पण ज्या वस्तीची ही गोष्ट, तिथल्या बायकांना त्या वेळी देवळाहून याचीच नड अधिक होती. तेव्हा नाक मुरडू नका, ऐका.

वस्ती शहराच्या कडेला, रेल्वेच्या रुळांलगत होती. तिथे एका खोलीत एक वृद्ध गुरू राहत. आयुष्यभर महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्तीनंतर ते इथे येऊन राहिले होते. सारी वस्ती त्यांना अण्णा म्हणे. माणूस ज्ञानी खरा, पण चहात साखर कमी पडली की लहान मुलासारखा रुसे. त्यांच्यापाशी एक तरुण शिष्य होता. सालस, कष्टाळू, आणि जगाचं भलं व्हावं, शक्यतो याच वर्षी व्हावं, अशा घाईत असलेला. संध्याकाळी तो वस्तीतल्या मुलींचा अभ्यास घेई.

त्या मुलींत नववीतली रेश्मा होती. गणितात तरबेज, पण इतकी अबोल की उत्तर आलं तरी हात वर करायची नाही. दुपारनंतर ती पाण्याचा थेंब घेत नसे. कारण उघड होतं. पाणी प्यालं की जावं लागे, आणि जायचं ते रुळांकडे, अंधार पडल्यावर, आईला सोबत घेऊन. एके दिवशी ती भर वर्गात चक्कर येऊन पडली. आई घाबरली. म्हणाली, "आज वर्गात पडली, उद्या रुळांत पडली म्हंजे? गावाला मामाकडं धाडते हिला. शाळा गेली खड्ड्यात!" शिष्याच्या जिवाला ते फार लागलं. म्हणूनच तो शहरभर वणवण फिरला आणि त्याने त्या व्यापाऱ्याला गाठलं. शौचालय झालं तशी आईही म्हणाली, बरं, बघू थोडे दिवस.

व्यापारी फरशांचा होता. त्याने हात आखडता घेतला नाही. शुभ्र फरशा, वर पाण्याची टाकी, आणि दाराशी त्याच्या मातोश्रींच्या नावाची संगमरवरी पाटी. किल्ली अण्णांच्या हाती देताना मात्र तो म्हणाला, "दिवाळीनंतर येऊन बघेन. नीट राहिलं, तर पुढच्या वस्तीतही बांधेन. नाही राहिलं, तर कुलूप ठोकेन. माझ्या आईचं नाव आहे त्यावर."

शिष्याने लगेच एक समिती नेमली. वस्तीतल्या सर्वांत शांत, सर्वांत विनयशील बायका त्याने निवडल्या, आणि त्यांतल्याही सर्वांत गरीब स्वभावाच्या बाईकडे किल्ली दिली. पण थोड्याच दिवसांत एक नळ गेला. मग दुसरा गेला. दाराची कडी निखळली. जी ती बाई नाकाला पदर लावून यायची, आत डोकावायची आणि गुपचूप परत फिरायची. कुणी कुणाला अवाक्षर बोललं नाही. बायका पुन्हा रुळांकडे जाऊ लागल्या, आणि रेश्माच्या आईने तिचे कपडे पिशवीत भरायला काढले.

अशात एका सकाळी हौसाबाई अण्णांच्या दारात उगवली. हौसाबाई भाजी विकत असे आणि उरलेला वेळ भांडत असे. पाण्यावरून, शेळीवरून, वाळत घातलेल्या लुगड्यावरून, कशावरूनही. तिच्या तोंडी लागायला वस्तीतले दादालोकसुद्धा कचरत.

"अण्णा, ह्ये काय चाललंय? नळ न्हेले, कडी तोडली, आन् तुमची समिती बसलीय हात जोडून! तोंडात मिठाची गुळणी धरलीय का समद्यांनी?"

शिष्य कानकोंडा झाला. अण्णांचा चेहरा मात्र खुलला. त्यांनी तिला बसवलं, चहा दिला, आणि विचारलं, "अजून काय काय बिघडलंय, हौसाबाई?" तिने सांगितलं. सगळं सांगितलं, मधेमधे शिव्याही घातल्या. ऐकून घेऊन अण्णा उठले, समितीकडून किल्ली मागवून घेतली, आणि हौसाबाईच्या तळहातावर ठेवली.

ती गेल्यावर शिष्य न राहवून म्हणाला, "गुरुजी, हे काय केलंत? आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायला! वस्ती पेटेल आता."

"पेटेल खरी," अण्णा म्हणाले. "त्या चहात साखर घातली होतीस का रे?"

आणि झालंही तसंच. रोज सकाळी आरडाओरडा. पाणी न ओतता कुणी बाहेर पडली की हौसाबाई तिचा उद्धार करी. एकदा एक तरणी सून उलटून म्हणाली, "एवढी ओरडतीस, तुझ्या बापाचं हाय का?"

"व्हय, माझ्या बापाचं हाय!" हौसाबाई कडाडली. "आन् तुझ्याबी बापाचं हाय! म्हून तर ओरडतीय, भवाने!"

दुसऱ्या दिवशी ती सूनही भांडायला लागली, पण हौसाबाईशी नव्हे. तिच्या बाजूने. मग दोघी मिळून भंगारवाल्याकडे गेल्या आणि भर बाजारात त्याची अब्रू काढून नळ परत घेऊन आल्या. धुण्याच्या पाळ्यांवरून तर असं घनघोर रण माजलं, की शेवटी पाळ्या ठरूनच ते मिटलं. टाकीत पाणी येईना, तेव्हा बायकांचा जथा पालिकेच्या कार्यालयात जाऊन साहेबाच्या टेबलाभोवती उभा राहिला, आणि पाणी सुटल्यावरच हलला. रेश्माच्या आईने कपड्यांची पिशवी तूर्त बाजूला ठेवली. शिष्य कानांवर हात ठेवून हे सारं पाहत होता. त्याला एवढंच दिसत होतं की दिवाळी सरली आहे, व्यापारी येणार आहे, आणि या कजाग बाईमुळे रेश्माची शाळा बुडणार आहे.

तो दिवस आला. शिष्याने हौसाबाईला आदल्या दिवशीच विनवलं होतं, "मावशी, उद्या तेवढं बाजारात लवकर जा." ती अर्थातच गेली नाही. व्यापारी मोटारीतून उतरला, तडक दाराकडे निघाला, आणि हौसाबाई आडवी आली.

"कुठं निघालात? आत बायका हायत."

"अहो बाई, मी बांधलंय हे!"

"बांधलंसा, देव तुमचं भलं करो. पण आता ह्ये आमचं हाय. थांबा भायेर. आन् आत जाताना बूट काढून जा, आत्ताच धुतलंय."

व्यापाऱ्याचा चेहरा लालबुंद झाला. शिष्याला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. आणि तिकडून अण्णा चक्क हसत हसत येत होते.

"शेटजी," ते म्हणाले, "आपल्या इमारतीची लिफ्ट बंद पडली तर आपण काय करता?"

"काय करणार? सेक्रेटरीला चांगला फैलावर घेतो."

"आणि लोक आपल्याला जागरूक रहिवासी म्हणतात. हिने तेच केलं की ती भांडकुदळ. अहो, आरंभी इथले नळ गेले, तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही, कारण ते नळ तुमचे होते. उपकाराची वस्तू बिघडली म्हणून कुणी तक्रार करतं का? माणूस दानापुढे हात जोडतो. भांडतो तो हक्कासाठी. गरीब आणि श्रीमंत यांच्यात पैशाचं अंतर आहे, ते आहेच. पण त्याहून मोठं अंतर हे, की एकाने आवाज चढवला तर दखल घेतली जाते, आणि दुसऱ्याने चढवला तर त्याला गप्प बसवलं जातं. आपण गरिबाला आधी गप्प बसवतो आणि मग त्याच्या मदतीला धावतो. ही बाई तुम्हाला अडवते आहे, म्हणजे तुमचं दान पोचलं."

व्यापारी खाली वाकून बुटांचे बंद सोडू लागला. आतल्या बायका बाहेर पडल्यावर तो आत फिरून आला आणि त्याने विचारलं, "पुढच्या वस्तीत बांधीन, तेव्हा किल्ली कुणाकडे देऊ?"

"तुमच्याशी जी भांडेल तिच्याकडे," अण्णा म्हणाले. हौसाबाई पदराआड तोंड लपवून हसली. हसताना ती फार गोड दिसली, हे मला सांगितलंच पाहिजे.

इतक्यात, व्यापारी बाहेर पडताच आत गेलेली, शाळेच्या गणवेशातली रेश्मा बाहेर आली. भर दुपारची वेळ होती. शिष्याचे डोळे भरून आले; तिला काहीतरी मायेचं बोलावं म्हणून तो पुढे झाला. तर ती त्याच्यासमोर उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर ठेवून, चांगल्या खणखणीत आवाजात.

"दादा, आत दिवा का नाही लावलाय? संध्याकाळी काही दिसत नाही. किती दिवस चालवून घ्यायचं आम्ही?"

पाहुण्यांसमोर असं बोलू नये, असं सांगण्यासाठी शिष्याने तोंड उघडलं. मग त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला, आणि दिवा आणायला निघाला.